कार्डावरचं दुसरं नाव

सातवीपर्यंत सृष्टी वर्गात इतकी गप्प असायची की हजेरीला बाई तिचं नाव दोनदा घ्यायच्या, आणि दुसऱ्यांदाही शेजारची मुलगीच "आहे, आहे" म्हणून मोकळी व्हायची. आठवीत मात्र वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशीच एक मुलगी तापानं आडवी झाली आणि तिच्या जागी बाईंनी सृष्टीला ढकललं. पण आवाज असा खणखणीत निघाला की डुलक्या घेणारे परीक्षक दचकून जागे झाले. दुसरा नंबर आला! तेव्हा जे तोंड उघडलं ते मिटायचं नावच घेईना. घरात, शाळेत, गिरणीत दळण टाकताना, सहा आसनी रिक्षात चेपून बसल्यावरसुद्धा सृष्टीचं चालूच. तिचे आजोबा आप्पासाहेब म्हणायचे, "चौदा वर्सांचं साठलेलं हाय. धरण फुटलंय. खालच्या गावांनी सावध राहावं."

खालचं गाव म्हणजे त्यांचीच चाळ. हडपसरात ऊस होता तेव्हा तिथे आप्पासाहेबांचं शेत होतं. मग कंपन्यांच्या काचेच्या इमारती उगवल्या, शेत गेलं, आणि उरलेल्या तुकड्यावर आप्पांनी ओळीनं दहा खोल्या बांधून टोकाला स्वतःचं घर उभं केलं. भाडेकरू बहुतेक विदर्भातले नाहीतर मराठवाड्यातले. कुणी कंपनीत हेल्पर, कुणी सिक्युरिटीत, भीमराव रिक्षा चालवायचे. सातव्या खोलीत वेणूबाई इंगळे. आयटी पार्कच्या कॅन्टीनमध्ये त्या रोज चारशे पोळ्या लाटायच्या आणि घरी आल्यावर स्वतःसाठी भात टाकायच्या, कारण पोळपाटाचं तोंडही बघवत नसे. मुलगी दीपमाला वाघोलीच्या कॉलेजात. नवरा सुरतेला, कापडाच्या मिलमध्ये. हे सगळं सृष्टीला कळायला लागल्यापासून माहीत होतं, जसं चौथ्या खोलीचं दार अडकतं हे माहीत होतं तसंच. त्यात विचार करण्यासारखं काही असेल असं तिला कधी वाटलंच नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी सरकारचा एकच धोशा होता. सगळं मोबाइलवर! दाखले मोबाइलवर, पेन्शन मोबाइलवर, आणि रेशन कार्डावरच्या प्रत्येक नावाची खातरजमाही मोबाइलवर. महिनाअखेरपर्यंत केवायसी झाली नाही तर धान्य बंद. शाळेला पत्र आलं आणि नववीच्या वीस मुलामुलींना 'डिजिटल मित्र' केलं गेलं. नारिंगी बिल्ला, हातात टॅब आणि चार शनिवार शाळेच्या हॉलमध्ये कॅम्प.

कॉम्प्युटरचे श्याम सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बऱ्याच लोकांना वाचता येत नाही. स्क्रीनवर जे येईल ते मोठ्यानं वाचून दाखवा. उद्या कुणी म्हणायला नको, आम्हाला न सांगताच पोरांनी बटण दाबलं."

मोठ्यानं वाचा! हे सृष्टीला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. ती इतकं छान वाचायची की दुसऱ्या शनिवारी सरांनी गोंगाटाला कंटाळून तिच्या टेबलावर माईकच आणून ठेवला. मग काय विचारता! "कार्ड क्रमांक अमुक अमुक, कुटुंबातील सदस्य पाच, पैकी पडताळणी पूर्ण तीन!" लोकांनाही मजा यायची. केवायसीसाठी कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकवावे लागायचे. सृष्टीनं माईकवरून हुकूम सोडला, "आप्पासाहेब, डोळे मिचकवा!" तसे आप्पा म्हणाले, "ह्या वयात डोळा मारायला लावतंय सरकार. बायकोनं बघितलं असतं तर धडगत नव्हती." अख्खा हॉल हसला. सृष्टीला वाटलं, हे सगळं आपल्यामुळे चाललंय. हॉल, हशा, सरकार, सगळं!

प्रत्येक मित्राला आपापल्या भागातली कुटुंबं नेमून दिली होती. सृष्टीकडे चाळीच्या दहा खोल्या. तिसरा शनिवार संपला तेव्हा नऊ झाल्या होत्या आणि सातवी राहिली होती. भिंतीवरच्या तक्त्यात तिच्या नावापुढे नव्वद टक्के. शेजारच्या गल्लीतल्या रविराजचे शंभर. नव्वद टक्के म्हणजे सृष्टीच्या डोळ्यांत कुसळ.

शुक्रवारी संध्याकाळी ती सातव्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मावशी, उद्याचा शेवटचा कॅम्प. येताय ना?"

वेणूबाई तांदूळ निवडत होत्या. बोलायला लागल्या की त्यांचं गावाकडचं मले-तुले यायचं. "पाहतो वं. घरीच नाही का होत ते? तू येजो ना ते पाटी घेऊन."

पाटी म्हणजे टॅब. आणि होत होतं! घरी अगदी आरामात होत होतं, पाच मिनिटांचं काम. पण घरी केलेलं कॅम्पच्या तक्त्यात लागत नव्हतं.

"नाही हो मावशी, कॅम्पमध्येच यावं लागतं," सृष्टी म्हणाली. म्हणताना तिची जीभ जराही अडखळली नाही. "तुम्ही नाही आलात तर माझे शंभर टक्के होणार नाहीत. माझ्यासाठी या. प्लीज, प्लीज, प्लीज!"

वेणूबाई हसल्या. "बरं बापा. येतो."

शनिवारी त्या आल्या. नवी नाही, पण इस्त्रीची साडी, ठसठशीत कुंकू आणि रेशन कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरलेलं. हॉलमध्ये पन्नासेक माणसं असतील, निम्मी चाळीतली आणि गल्लीतली; केवायसी झालेलेही कुणी दाखल्यासाठी, कुणी पेन्शनसाठी आले होते. सृष्टीनं नंबर टाकला आणि माईक जवळ ओढला.

"कार्डधारक, वेणूबाई रंगराव इंगळे! सदस्य तीन. वेणूबाई, पडताळणी बाकी. दीपमाला, पडताळणी पूर्ण. वा, दीपमालाताईंनी कॉलेजातच करून टाकली! रंगराव..."

रंगरावांच्या नावापुढे लाल चौकोन होता. सृष्टीनं त्यावर बोट ठेवलं. लाल चौकोन उघडला.

"या सदस्याची पडताळणी अन्य शिधापत्रिकेवर पूर्ण झाली आहे," तिनं वाचलं. "अन्य? म्हणजे काय? थांबा हं मावशी." खाली दुसऱ्या कार्डाचा नंबर निळ्या अक्षरांत होता. तिनं तोही दाबला. सर म्हणाले होते ना, जे येईल ते वाचायचं. जे आलं ते तिनं वाचलं. "जिल्हा नाशिक. कुटुंबप्रमुख, हिरा रंगराव इंगळे. पती, रंगराव. मुलगा, सुदर्शन, वय तेरा. मुलगा, शंभू, वय नऊ."

हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

आणि सृष्टीला काय वाटलं? तिला वाटलं, आपण चोर पकडला! तिचे डोळे असे चमकले म्हणता! "मावशी! अहो, कुणीतरी काकांच्या नावावर रेशन उचलतंय! काका सुरतेला आणि इकडे नाशकात कुणी हिरा नावाची बाई चक्क त्यांना नवरा दाखवतेय! बोगस कार्ड आहे हे!"

"राहू दे वं बाई," वेणूबाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक की माईकनंही तो उचलला नाही.

"राहू कसं द्यायचं? गुन्हा आहे हा!"

भीमराव रांगेतून पुढे आले. "पोरी, पुढचा नंबर घे. माझा घे. मला भाडं आहे."

"थांबा हो काका, महत्त्वाचं चाललंय," सृष्टी म्हणाली. स्क्रीनच्या तळाशी बटण होतं, 'बोगस नोंद कळवा'. तिनं ते दाबलं. वेणूबाईंच्या मोबाइलवर आलेला आकडा तिनंच त्यांच्या हातातून मोबाइल घेऊन वाचला, तिनंच भरला. आणि स्क्रीनवर आलं तेही वाचलं, पदकाच्या समारंभात वाचतात तशा सुरात. "आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे. सात दिवसांत स्थळ पाहणी होईल. तोपर्यंत दोन्ही शिधापत्रिका स्थगित."

तिनं मान वर केली. तिला वाटलं होतं, टाळ्या पडतील. समोरची माणसं मात्र एकदम कामाला लागली होती. कुणी पिशवीत काहीतरी शोधत होतं, कुणी भिंतीवरचा जुना तक्ता वाचत होतं, आठव्या खोलीतल्या काकू मांडीवरच्या झोपलेल्या बाळाला थोपटत होत्या. वेणूबाईंकडे एकही माणूस बघत नव्हता.

वेणूबाईंनी मोबाइल परत घेतला. कार्ड पिशवीत घातलं, पिशवीची नीट घडी घातली. "जातो मी," त्या म्हणाल्या, "पोळ्यायचा टाइम झाला."

शनिवारी कंपनी बंद असते, हे सृष्टीला फार उशिरा आठवलं.

श्याम सरांना तक्रारीची नोंद त्यांच्या टॅबवर दिसली होती. त्यांनी येऊन तिची पाठ थोपटली. "शाब्बास! बोगस कार्ड पकडणारी आपल्या शाळेतली पहिलीच. सोमवारी परिपाठाला स्टेजवर येऊन सांगायचं, कसं पकडलं ते."

सृष्टी उड्या मारत घरी आली. तिची आई तनुजा ओट्याशी भेंडी चिरत होती, आप्पा जेवायला बसले होते. सृष्टीनं चपला काढायच्या आत सुरुवात केली. हॉल कसा भरला होता, लाल चौकोन कसा उघडला, हिरा, नाशिक, बटण, सोमवारचा परिपाठ. एका दमात!

तनुजाची सुरी थांबली होती.

"माईकवर वाचलंस?" तिनं विचारलं.

"हो मग! सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे ना."

"मुलांची नावंसुद्धा?"

"वयं पण!"

आप्पांनी हातातला घास ताटात परत ठेवला. आप्पासाहेब अन्नावरून कधी हात काढत नसत. "उचलली जीभ अन् लावली टाळ्याला," ते म्हणाले. नेहमीसारखा थट्टेचा सूर त्यात नव्हता. ते उठले आणि हात धुवायला बाहेर निघून गेले.

"काय झालं?" सृष्टी म्हणाली. "आई, काय झालं? चोर होता तो!"

"चोर नाही गं. नवराच आहे तो. तिचाच." तनुजानं सुरी खाली ठेवली. "चौदा वर्षांपूर्वी खोली घेतली तेव्हा दोघं होते. वर्षभरात तो गेला. सुरतेला म्हणून गेला. मध्ये एकदा येऊन गेला, एक दिवस. नंतर भीमरावांच्या गाववाल्यानं त्याला नाशकात पाहिलं, बाईबरोबर. कडेवर पोर होतं."

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"अख्ख्या चाळीला माहीत आहे."

"मग तुम्ही नळावर विचारता काय दर वर्षी? दाजी येणार का दिवाळीला, म्हणून? मी ऐकलंय! तू पण विचारतेस!"

"विचारते," तनुजा म्हणाली. "आणि ती सांगते, अवंदा सुट्टी नाही मिळाली. मी म्हणते, या मिलवाल्यांचं मेलं असंच. एक वर्ष कुणीच विचारलं नव्हतं ना, तर ती दिवाळीचे चार दिवस दार लावून बसली होती. तेव्हापासून आठवणीनं विचारतो आम्ही. तिला माहीत आहे आम्हाला माहीत आहे. पण तोंडानं कुणी काढलं नव्हतं. तेवढंच तर होतं तिच्याजवळ. कपाळावरचं कुंकू, कार्डावरचं नाव, आणि नळावर चार जणींनी विचारणं."

सृष्टीच्या कानात तिचाच आवाज वाजायला लागला. मुलगा, सुदर्शन, वय तेरा. मुलगा, शंभू, वय नऊ. तो खणखणीत, बक्षीस मिळवणारा आवाज. तिला तो आवाज ओढून काढून कुठेतरी फेकून द्यावासा वाटला. आणि मग आठवलं ते आणखी वाईट. घरीच नाही का होत ते? नाही हो मावशी, कॅम्पमध्येच यावं लागतं.

हे मात्र तिनं आईला सांगितलं नाही. सांगायला तोंडच उघडेना.

रविवारी दुपारी ती टॅब घेऊन निघाली. सहा खोल्या ओलांडायच्या म्हणजे कितीसं अंतर! तिनं रात्रभर माफीचं भाषण पाठ केलं होतं. 'मावशी, माझ्या हातून अजाणतेपणी घडलेल्या...' अशी सुरुवात होती. चौथ्या खोलीपर्यंत सुरुवात आठवत होती.

दार दीपमालानं उघडलं. तिनं सृष्टीच्या हातातल्या टॅबकडे पाहिलं. "या, या. डिजिटल मित्र. काही वाचायचं राहिलं का? माईक नाही आणला?"

"दीपाताई, मी..."

"नाही, माझा रिझल्ट पण वाच ना गल्लीत. एक विषय राहिलाय माझा."

"दीपे, घरात घे तिले," आतून वेणूबाईंचा आवाज आला.

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुंकू होतं. सृष्टीनं आत पाऊल टाकल्याबरोबर आधी तेच पाहिलं, आणि आपण तेच पाहिलं याचीही तिला लाज वाटली. भाषण कुठल्या कुठे गेलं. ती समोर फरशीवर बसली.

"मावशी, मी खोटं बोलले. घरी होत होतं. मला तक्त्यात शंभर टक्के हवे होते म्हणून मी तुम्हाला तिकडे नेलं."

"माईत आहे वं," वेणूबाई म्हणाल्या. "दीपमालानं सांगतलं होतं मले, घरी होते म्हणून. मी म्हटलं, पोरगी येवढी म्हणते तं जाऊ. काय झिजते आपलं."

यापेक्षा त्यांनी एक मुस्कटात मारली असती तर बरं झालं असतं. सृष्टीनं मान खाली घातली ती वर करताच येईना.

"आता ते साहेब येतीन का इथं? चौकशीले?"

"येतील. सात दिवसांत. तक्रार मागे घेतली तर नाही येणार. पण..." ती थांबली. काल संध्याकाळपासून तिनं सगळे नियम वाचून काढले होते, मनातल्या मनात, ओठ मिटून. "नुसती मागे घेऊन कार्ड सुरू होत नाही. एक नाव दोन कार्डांवर राहू शकत नाही. कुठल्या तरी एका कार्डावरून काढावं लागेल. तुम्ही म्हणालात की काकांचं नाव इथलंच, तर चौकशी होणार. मग तिकडचं कार्डही बंद राहील, ठरेपर्यंत. दोन्हीकडे धान्य मिळणार नाही."

"आणि इथून काढलं तर?"

"तर लगेच दोन्ही सुरू."

बाहेर नळावर कुणीतरी हंडा घासत होतं.

"ती पोरं केवढी म्हणालीस?"

सृष्टीला ते पुन्हा म्हणवेना. पण त्या वाट बघत होत्या. "तेरा," ती पुटपुटली. "आणि नऊ."

"तेरा." वेणूबाईंनी बोटाच्या पेरांवर अंगठा फिरवला. "दीपमाला सात वर्षांची होती तवा ते आल्ते. तिच्यासाठी निळा फ्रॉक आणला होता. बारा वर्षं झाली त्याले." अंगठा एका पेरावर थांबला. "म्हणजे तवा हा मोठा पोरगा एक वर्षाचा होता. घरी त्याले ठेवून आल्ते."

"आई, पुरे," दीपमाला म्हणाली. तिच्या आवाजातली धार गेली होती. "काढून टाक ते नाव. मला नाही पाहिजे कार्डावर."

"तुह्यं नाही वं ते. माह्यं आहे." मग त्या सृष्टीकडे वळल्या. "काढ. पण काय लिवलं आहे ते सांगजो मले. हळू सांग."

सृष्टीनं स्क्रीन उघडली. इतकं हळू ती आठवीच्या आधीही कधी बोलली नव्हती. "नाव कमी करण्याचं कारण निवडा, असं आहे. त्याशिवाय पुढे जात नाही."

"काय काय कारणं आहेत?"

"पहिलं, मृत्यू."

"नोको." वेणूबाईंचा हात आपोआप गळ्यातल्या काळ्या मण्यांवर गेला.

"दुसरं..." सृष्टी अडखळली. ते मुलींसाठी होतं, लग्न होऊन सासरी गेलेल्या. पण लिहिलेलं तसंच होतं. "विवाह."

दीपमालाच्या तोंडून हसल्यासारखा आवाज निघाला आणि ती पाठ फिरवून खिडकीशी गेली.

"पुढचं सांग."

"स्थलांतर. म्हणजे कामासाठी वगैरे दुसऱ्या गावी गेले, असं."

"हे बरं आहे," वेणूबाई म्हणाल्या. "हेच सांगत आलो मी. हेच राहू दे."

सृष्टीनं ते निवडलं. मग कॅमेरा सुरू झाला आणि वेणूबाईंचा चेहरा गोल चौकटीत आला. डोळे मिचकवा, असं स्क्रीनवर आलं. सृष्टीनं ते वाचलंच नाही, स्वतःचे डोळे मिचकवून दाखवले. त्यांनीही मिचकवले. पहिल्या वेळी झालं नाही, डोळे भरून आले होते, यंत्राला ते चालत नव्हतं. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा बसल्या, शाळेतल्या फोटोला बसावं तशा ताठ. झालं. तक्रार मागे, सदस्य संख्या दोन.

"तिकडचं पण सुरू झालं?"

"हो."

"पाह्य बरं नीट. पोरं आहेत."

सृष्टीनं नीट पाहिलं. दोन्हीकडे हिरवं होतं. तिला रडू यायला लागलं होतं, पण इथे रडणं म्हणजे मावशींनाच आपली समजूत काढायला लावणं, एवढं तिला कसं कोण जाणे, कळलं. ती उठली. दारापर्यंत गेल्यावर वेणूबाई म्हणाल्या, "आता अवंदा मले कोणी इचारीन का वं?"

त्या सृष्टीला विचारत होत्या की स्वतःला, ते तिला समजलं नाही. ती तशीच बाहेर पडली. नळावर तिघी होत्या. तिला बघून त्यांचं बोलणं थांबलं.

सोमवारी परिपाठात प्रार्थना झाली, दिनविशेष झाला आणि श्याम सर माईकपाशी आले. "आपल्या शाळेची डिजिटल मित्र सृष्टी हिनं शनिवारी एक बोगस रेशन कार्ड शोधून काढलं. ते तिनं कसं पकडलं, हे तिच्याच तोंडून ऐकू या. बोलायला तर काय, सृष्टीला आवडतंच!"

सातशे मुलं हसली. सृष्टी पायऱ्या चढून वर गेली. समोर पाचवीपासून दहावीपर्यंतच्या रांगा, आणि रांगांमध्ये त्यांच्या गल्लीतली निदान तीस मुलं. घरी जाऊन एकूण एक सांगणारी. तिच्याजवळ खरं सांगायला सगळं होतं. माझी चूक झाली, ते कार्ड खरं होतं, कारण... आणि त्या 'कारण'च्या पुढे पुन्हा वेणूबाईच उभ्या होत्या.

"ते कार्ड बोगस नव्हतं," ती म्हणाली. "मी नंबर चुकीचा टाकला होता. दुसऱ्याच कुणाचं तरी कार्ड उघडलं आणि मी न बघता वाचत सुटले. त्या माणसांचा इंगळे मावशींशी काही संबंध नव्हता. काल मी तक्रार मागे घेतली."

सरांचा चेहरा पडला. "नंबर चुकीचा?"

"हो सर. एक आकडा."

"आणि तू माईकवरून..."

"हो सर."

मागच्या रांगेतून रविराज ओरडला, "शंभर टक्के!" आणि मग जो हशा पिकला! पाचवीतली चिल्लीपिल्ली कशाला हसतोय हे न कळताही हसत होती. सरांनी हात पुढे केला. तिनं बिल्ला काढून त्यांच्या हातात दिला. पिन काढताना बोटाला टोचली.

खाली येऊन रांगेत उभी राहिली तेव्हा तिचे कान तापले होते. पण खरं सांगायचं तर ही लाज तिला सोसत होती. मधल्या सुट्टीपर्यंत पोरं चिडवतील, आठवडाभर 'एक आकडा' म्हणतील आणि विसरून जातील. शनिवारची लाज तशी नव्हती.

संध्याकाळपर्यंत चुकीच्या नंबरची गोष्ट गल्लीभर झाली. आठव्या खोलीतल्या काकूंनी मुद्दाम नळावर मोठ्यानं म्हटलं, "ऐकलं का, नंबरच चुकला होता म्हणे पोरीचा! बाई बाई, हे ऑनलाइनचं काही खरं नाही." दोघी-तिघींनी माना डोलावल्या. फार जोरात डोलावल्या.

वेणूबाई कामावरून आल्या, हंडा घेऊन नळाशी आल्या. सृष्टी शेजारच्या तोटीखाली बादली धरून होती. तनुजानं पदर खोचला, घसा साफ केला. सृष्टीला वाटलं, आता आई विचारेल. आत्ता! दिवाळीला बारा दिवस राहिले होते. तनुजानं वेणूबाईंकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि तिची नजर सृष्टीवर पडली. ओठ तसेच राहिले क्षणभर.

"आज पाणी जरा बारीकच आहे, नाही?" ती म्हणाली.

"हो ना," वेणूबाई म्हणाल्या. त्या थोडं थांबल्या. हंडा भरला होता, तरी थांबल्या. मग वाकून त्यांनी हंडा कमरेवर घेतला आणि सातव्या खोलीकडे चालू लागल्या. सृष्टीची बादली भरून वाहत होती, तिला नळ बंद करायचंही सुचलं नाही.